घ्यायचं नसेल तर भाव विचारू नये : तालमूदमधला बाजार

निळी_शाई

मनात घ्यायचं नसताना दुकानदाराला "हे केवढ्याला?" असं विचारायचं नाही. इ.स. २०० च्या सुमारास गालीलमध्ये रब्बी (म्हणजे ज्यू धर्मपंडित) यहूदा हानासी यांनी ज्यू कायद्याचं संकलन पक्कं केलं, त्या मिश्नामधला हा नियम. सध्या तो माझ्या डोक्यात घर करून बसलाय.

ज्यू धर्मातलं शहाणपण म्हटलं की लोक 'पिर्के अवोत'मधली सुभाषितं पुढे करतात. छानच आहेत ती, पण सुभाषित भिंतीवर लावलं की विसरायला मोकळे. मला खरी गोडी लागली ती 'बावा मेत्सिया' या ग्रंथाची. सापडलेली वस्तू कुणाची, उसनं आणलेलं जनावर मेलं तर भरपाई कुणी द्यायची, मजुराची मजुरी कधी चुकती करायची, व्याज नक्की कशाला म्हणायचं, असल्या भानगडींनी तो भरलाय. मिश्नाच्या एकेका कलमावर बॅबिलोनियातल्या पाठशाळांत पुढे काही शतकं जो काथ्याकूट चालला तो गेमारा, आणि दोन्ही मिळून तालमूद. 'सेफारिया' या संकेतस्थळावर सगळं फुकट आहे, मूळ मजकूर आणि इंग्रजी शेजारी शेजारी.

चौथ्या प्रकरणाचा विषय 'ओनाआ', म्हणजे व्यवहारात समोरच्याला नाडणं. हिशेब असा: भावातला फरक सहाव्या हिश्श्याहून कमी असेल तर चालायचंच, सौदा पक्का. बरोबर सहावा हिस्सा असेल तर सौदा राहतो, पण वरचे पैसे परत करायचे. त्याहून जास्त असेल तर सौदाच मोडता येतो. गिऱ्हाइकाला तक्रार करायला मुदत किती? माल एखाद्या व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखवून होईपर्यंत. (साडी घेऊन घरी आल्यावर जाऊबाई "कितीला दिली?" विचारतात, तोवर.) आणि हे दोन्ही बाजूंनी लागू. भोळ्या विक्रेत्याकडून मातीमोल भावात माल लाटला तरी ती नाडणूकच.

यात एक किस्सा आहे. रब्बी तर्फोन यांनी लोद गावात जाहीर केलं की सहावा नव्हे, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत फरक चालेल. लोदचे व्यापारी खूश! मग रब्बी म्हणाले, मात्र गिऱ्हाइकाला परत यायला अख्खा दिवस मिळेल. व्यापारी म्हणाले, राहू द्या रब्बी, आम्ही होतो तिथेच बरे. आणि गेले मुकाट्याने जुन्या नियमाकडे.

तर अशा या बाजारी प्रकरणाच्या दहाव्या कलमात अचानक येतं, की जशी खरेदी-विक्रीत नाडणूक असते तशी बोलण्यातही असते. तीन उदाहरणं दिलीत. घ्यायचं नसताना भाव विचारणं. वाईट मार्ग सोडून आलेल्या माणसाला "आधी काय धंदे करत होतास ते आठव" म्हणणं. आणि धर्मांतर करून आलेल्यांच्या मुलाला वाडवडिलांच्या करणीवरून टोचणं. गेमारा तर म्हणते की शब्दांनी नाडणं पैशाने नाडण्याहून वाईट, कारण पैसे परत करता येतात.

दुसरं आणि तिसरं उदाहरण लगेच पटतं. पहिलं त्यांच्या पंक्तीला कसं काय बसवलं, यावर तुमचं मत हवंय.

सुपारी

तुळशीबाग बंद पडेल हो ताई. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

साडी_सेंटर

गल्ल्यावर बसणाऱ्याच्या बाजूने लिहितो. तालुक्याच्या गावी आमचं कापडाचं दुकान आहे, आजोबांपासून.

भाव विचारण्याचं वाईट वाटायला लागलं तर आम्ही कधीच दुकान विकून शेतीला लागलो असतो. चौघीजणी येतात, चाळीस साड्या उलगडतात, पाणी पितात, "पुढच्या महिन्यात लग्नाचा बस्ता आहे तेव्हा येतो" म्हणून जातात. त्यातल्या निम्म्या येतात. हा धंदाच आहे.

पण दोन ठिकाणी लागतं. एक, सकाळी भवानी व्हायच्या आधी कुणी नुसताच टाइमपास म्हणून सगळं काढायला लावलं तर. त्या वेळी माणूस आशेवर असतो, त्याची दिवसाची सुरुवात असते. दुसरं हल्लीचं. पोत हाताने बघायचा, पदर कसा पडतो ते आमच्या पोराकडून खांद्यावर टाकून बघायचं, फोटो काढायचा, आणि आमच्याच पायरीवर बसून मोबाइलवर तीच साडी मागवायची. एकीने तर आमच्याच वायफायचा पासवर्ड मागितला होता.

त्यामुळे तुमच्या त्या रब्बींना दुकानाचा अनुभव असणार, एवढं नक्की.

निळी_शाई

@साडी_सेंटर, वायफाय 😂

तुम्ही 'आशेवर' म्हणालात, तीच या नियमाची नाडी असावी. गेमारातलं कारण जरा वेगळ्या बाजूने येतं. माणूस खरंच घ्यायला आलाय की उगाच विचारतोय, हे दुकानदाराला कळत नाही, शेजाऱ्याला कळत नाही, कुठल्याही न्यायाधीशाला सिद्ध करता येत नाही. ते फक्त विचारणाऱ्याच्या मनाला ठाऊक. ज्या गोष्टी मनाच्या हवाली असतात त्यांच्यापुढेच तोराने (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाने) 'आपल्या देवाचं भय धर' असं लिहिलंय, असं रब्बी सांगतात. म्हणजे तक्रार होऊच शकत नाही अशा गुन्ह्यांचा हा वर्ग आहे. तिथे रब्बी यहूदांचं (हानासी नव्हे, हे दुसरे) मत आणखी कडक: खिशात पैसे नसताना मालाकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने बघूसुद्धा नये.

घ्यायचं आहेच, कुठून ते ठरत नाही, म्हणून चार दुकानं फिरणाऱ्याला यात कुणी पकडत नाही. बस्तावाल्या बायका सुटल्या. पायरीवरची सापडली.

कलम_पंचवीस

वकिली डोक्याने वाचलं. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. त्याच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार रद्द होत नाही. म्हणजे हजाराचा घोडा कुणी राजीखुशीने दहा रुपयांना विकला तर विकला. संमती मोकळी होती का, हे ठरवताना कोर्ट किमतीकडे बघेल, इतकंच. मिश्नावाले मात्र भाव योग्य होता का हे थेट मोजायला बसतात, तेही आकड्यात. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला हे धाडसाचं वाटतं.

मला त्याच प्रकरणातलं दुसरं कलम जास्त आवडतं (धागा वाचून मूळ वाचायला गेले, रात्रीचा दीड वाजला). त्यांच्या नियमाप्रमाणे जंगम मालाचा सौदा नुसते पैसे दिल्याने पुरा होत नाही, माल ओढून ताब्यात घ्यावा लागतो. मग पैसे दिलेत, माल अजून उचललेला नाही, आणि कुणी फिरला तर? कायद्याने फिरता येतं. पण पुढचं वाक्य बघा: ज्याने जलप्रलयाच्या पिढीचा हिशेब चुकता केला, तो शब्दाला न जागणाऱ्याचाही करील.

दंड नाही, सौद्याची सक्ती नाही, आहे तो तळतळाट. तोही न्यायसंस्थेने अधिकृतपणे दिलेला! आमच्याकडे निकालपत्रात "अपील फेटाळण्यात येत आहे, मात्र अपीलकर्त्याचं भलं होणार नाही" असं लिहायची सोय असती तर काय बहार आली असती.

खारा_वारा

इस्रायलमधल्या लोदहून लिहितोय. तोच रब्बी तर्फोनचा लोद. आता शेजारी विमानतळ आहे, आणि मराठी बोलणारी आमची बेने इस्रायली घरं इथे बरीच आहेत. माझं मूळ गाव रायगड जिल्ह्यात, आडनावाला शेवटी 'कर' आहेच.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण लोकांना वाटतं प्रत्येक ज्यू घरात तालमूदची पारायणं चालत असतील. आमच्या कोकणातल्या वाडवडिलांना तालमूद माहीत नव्हता. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम, काही सण आणि 'शेमा' ही प्रार्थना, इतकं त्यांनी टिकवून धरलं होतं. हिब्रू शिक्षण पुढे आलं. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं, मराठी अर्थासह हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली १८४६ साली. म्हणजे तेलाचे घाणे चालवताना, मापं भरताना, शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनवार तेली' हे नाव घेताना ओनाआचा सहावा हिस्सा कुणाच्या डोक्यात नसणार. माप सचोटीचं ठेवा, हे खुद्द तोरात आहेच म्हणा.

मला थांबवलं ते तिसऱ्या उदाहरणाने. वाडवडिलांवरून टोचायचं नाही, हे. आमचे लोक १९४८ नंतर इथे आले. १९६२ मध्ये इथल्या धर्मपीठाकडून फर्मान निघालं की बेने इस्रायली माणसाचं बाहेरच्या ज्यूशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करायची, आईकडच्या बाजूने पिढ्यान् पिढ्या मागे जाऊन. मोर्चे निघाले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी १९६४ साली सरकारने आणि संसदेने ठणकावलं की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत.

तालमूद ज्यांना तोंडपाठ, त्यांनी हे केलं. आणि ज्यांना तालमूद माहीत नव्हता त्यांना ते सोसावं लागलं. त्या पानाचा विषय निघाला की आमच्याकडची जुनी मंडळी जरा खवचट हसतात.

सुपारी

काका, तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. तेलाच्या घाण्यांवर, तुमच्या त्या पोह्यांच्या मलिद्यावर, सगळ्यावर.

खारा_वारा

काढतो. मलिद्यावर लिहायचं तर पोहे कुठले घ्यायचे यावर आमच्यातच तंटा होईल.

उलटतपासणी

गोडगोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. त्याच प्रकरणाचं नववं कलम कुणी वाचलं का? ओनाआ चार गोष्टींना लागू नाही: जमीन, दस्तऐवज, देवस्थानाची मालमत्ता आणि गुलाम. गुलाम हा तिथे जमिनीसारखा मालाचा प्रकार आहे. दुसरं, तोरातल्या मूळ वाक्यात शब्द आहे 'आपल्या बांधवाला' नाडू नका. बांधव म्हणजे कोण? व्याजाचा नियम तर उघडच आपल्यातल्यांपुरता आहे. आपल्या माणसाकडून घ्यायचं नाही, परक्याकडून चालतं. मग हे 'नैतिक शहाणपण' की जातीपंचायतीचे नियम?

निळी_शाई

@उलटतपासणी, दोन्ही मुद्दे खरे आहेत. गुलामगिरी त्या समाजात होती आणि ग्रंथ ती गृहीत धरतो. आपल्या-परक्यातला भेदही आहे. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

पण सगळीकडे तो सारखा नाही. 'हुल्लीन' ग्रंथात श्मुएल नावाच्या बॅबिलोनी गुरूचं मत आहे, की माणसांची दिशाभूल करणं निषिद्ध, मग तो मूर्तिपूजक का असेना. दुसरी गोष्ट शिमोन बेन शेताह यांची. ते जवसाच्या धाग्याचा (लिननचा) धंदा करून पोट भरत. शिष्यांनी त्यांच्यासाठी एका परधर्मी माणसाकडून गाढव विकत घेतलं, बघतात तर गाढवाच्या गळ्यात रत्न! शिष्य म्हणाले, देवाने दिलं, आता कष्ट संपले. यांनी विचारलं, मालकाला रत्नाचं ठाऊक आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग परत द्या. नेऊन परत दिलं. जेरुसलेमच्या तालमूदात (बॅबिलोनियातल्याहून हा वेगळा) ही गोष्ट आहे, आणि तिथे शिष्य चक्क वाद घालतात की कायद्याने परत करायची गरज नाही. म्हणजे तुमचा आक्षेप त्यांच्या वर्गातही कुणीतरी घेत होतंच, फक्त उलट्या हेतूने.

गुलामांवरून आठवलं. याच प्रकरणात पुढे नियम येतो की विकायला काढलेला माणूस, जनावर किंवा भांडी रंगवून नवी दाखवायची नाहीत. त्यावर गेमारात एक म्हातारा येतो, ज्याला स्वतःलाच गुलाम म्हणून विकायचंय. दाढी-डोकं काळं करून तो रावा नावाच्या गुरूकडे जातो. रावा म्हणतो, माझ्या घरात कामाला गरीबगुरीब आहेत, ते पुरे. मग तो पापा बार श्मुएलकडे जातो, ते घेतात. एक दिवस मालक म्हणतो, जरा प्यायला पाणी आण. म्हातारा उठतो, केस धुऊन पांढरे करतो आणि सांगतो, बघा, मी तुमच्या वडिलांपेक्षाही मोठा आहे. आता कोण कुणाला पाणी देणार?

उलटतपासणी

म्हातारा आवडला. आक्षेप कायम आहे.

मेथीची_जुडी

तुम्ही सगळे बाजारात अडकलात, त्याच चर्चेत जरा पुढे घर येतं. बोलण्यातल्या नाडणुकीचा विषय निघाला की नवरा-बायको येणारच. राव नावाचे मोठे गुरू म्हणतात, बायकोला शब्दाने दुखावू नये, तिचे डोळे पटकन भरतात, त्यामुळे शिक्षाही पटकन येते. आणि त्यांचंच दुसरं मत: बायकोच्या सल्ल्याने चालणारा नरकात पडतो. यावर रव पापा (रव म्हणजे बॅबिलोनियातले रब्बी) म्हणतात, अहो पण लोक तर म्हणतात, 'बायको बुटकी असेल तर वाकून तिच्या कानाशी विचार'. मग तडजोड निघते की घरच्या बाबतीत तिचं ऐकावं, बाकीच्यात नाही. @उलटतपासणी, हे तुमच्या यादीत घालून ठेवा.

पण मला त्या पानावरचं सगळ्यात खरं वाटलं ते हे. रव यहूदा म्हणतात, घरात धान्य आहे ना याकडे माणसाने लक्ष ठेवावं, घरातली भांडणं धान्यावरूनच होतात. आणि रव पापा पुन्हा लोकांची म्हण आणतात: रांजणातलं जव संपलं की भांडण दार ठोठावत आत येतं.

माझ्या आजीच्या घरी महिनाअखेरीला जे आवाज चढायचे, त्याचं इतकं सरळ कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही समजायचो आजोबा तापट. रव पापा यांचा स्वतःचा मद्य गाळायचा धंदा होता म्हणे, म्हणजे बाजारभाव माणसाला ठाऊक होता.

सुपारी

रव पापा जिंदाबाद. म्हणींचं पोतंच दिसतंय त्यांच्याकडे.

जोंधळा

दुसऱ्या उदाहरणावर कुणी बोललं नाही. "आधी काय करत होतास ते आठव." त्याच ग्रंथात, चौऱ्याऐंशीव्या पानावर, हाच नियम मोडल्याची गोष्ट आहे. मोडणारा त्या काळचा सगळ्यात मोठा गुरू.

तिबेरियातले रब्बी योहानान, तिसरं शतक. एकदा यार्देन नदीत अंघोळ करत होते. रेश लाकीश नावाच्या दरोडेखोराने नदीत उडी घेतली आणि त्यांच्याजवळ आला. योहानान दिसायला फार सुंदर होते. ते म्हणाले, तुझी ताकद तोराच्या अभ्यासाला लाव. हा म्हणाला, तुझं रूप बायकांना शोभेल. ते म्हणाले, सुधारलास तर माझी बहीण तुला देतो, ती माझ्याहून सुंदर आहे. तो तयार झाला. त्यांनी त्याला शिकवलं, तो स्वतः मोठा पंडित झाला, मेहुणा झाला, वादातला जोडीदार झाला.

एक दिवस पाठशाळेत प्रश्न निघाला: तलवार, सुरी, खंजीर ही हत्यारं 'तयार झाली' असं कधी म्हणायचं? (शुद्ध-अशुद्धतेच्या नियमासाठी ते ठरवावं लागतं.) योहानान म्हणाले, भट्टीतून घडून निघाली की. रेश लाकीश म्हणाला, पाण्यात विझवून पाणी चढलं की. आणि योहानान बोलून गेले, "दरोडेखोराला आपली हत्यारं बरोबर माहीत!"

चारचौघांत, इतक्या वर्षांनंतर.

रेश लाकीश म्हणाला, मग तू माझं काय भलं केलंस? तिथे मला सरदार म्हणत, इथेही सरदार म्हणतात. योहानान दुखावले, रेश लाकीश आजारी पडला. बहीण रडत आली, निदान पोरांसाठी तरी क्षमा कर म्हणाली. ऐकलं नाही. रेश लाकीश गेला.

मग योहानान खचले. पाठशाळेने त्यांच्याकडे एलाझार बेन पेदात नावाचा हुशार माणूस पाठवला. योहानान काहीही म्हणाले की हा म्हणायचा, "तुमच्या म्हणण्याला आधार आहे." योहानान वैतागले: तू लाकीशच्या पोरासारखा आहेस काय? मी एक बोललो की तो चोवीस आक्षेप काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय उलगडायचा. आणि तू सांगतोस आधार आहे! मी बरोबर बोलतो हे मला ठाऊक नाही? कपडे फाडून "लाकीशच्या पोरा, कुठे आहेस" करत फिरायला लागले, भ्रमिष्ट झाले, आणि त्यातच गेले.

मला यात खटकतं ते हे, की त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. रेश लाकीश दरोडेखोर होता, त्याला हत्यारं माहीत होती, आणि बहुधा त्या मुद्द्यावर त्याचं मत जास्त जाणकार होतं. आपल्याकडे लोक "मी खरं ते तोंडावर बोलतो" अशी फुशारकी मारतात. या लोकांच्या हिशेबात खरं असणं हा बचावच नाही.

कलम_पंचवीस

अब्रूनुकसानीत 'खरं आणि लोकहितासाठी' असा अपवाद असतो. इथे खरं असून लोकहित शून्य. तुमचे योहानान आमच्या कोर्टातही हरले असते.

निळी_शाई

@जोंधळा, दंडवत. आता माझी पाळी. 'अख्नाईची भट्टी' ही तालमूदातली बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट याच चर्चेच्या पोटात आहे, आणि ती जवळजवळ नेहमी अर्धीच सांगितली जाते.

सगळ्यांना माहीत असलेला अर्धा भाग: एका मातीच्या भट्टीच्या शुद्धतेवरून रब्बी एलिएझर एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर म्हणतात, मी बरोबर असेन तर ते झाड सिद्ध करील. झाड शंभर हात सरकतं. ओढा उलटा वाहतो. पाठशाळेच्या भिंती कलतात. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरच बरोबर. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणतात, "तोरा आता आकाशात नाही", निकाल बहुमताने लागेल. लोक इथे टाळ्या वाजवतात आणि पुस्तक मिटतात.

पुढे काय होतं? जिंकलेले लोक एलिएझरनी शुद्ध ठरवलेलं सगळं आणून जाळतात आणि त्यांना बहिष्कृत करतात. हे सांगायला कोण जाणार? त्यांचे शिष्य अकिवा म्हणतात, मी जातो; भलताच कुणी गेला आणि नको तसं सांगितलं तर जग उद्ध्वस्त होईल. काळे कपडे घालून चार हात लांब बसतात. एलिएझर विचारतात, आज काय वेगळं आहे? अकिवा म्हणतात, "गुरुजी, मला वाटतं तुमचे सोबती तुमच्यापासून लांब राहताहेत." 'तुम्हाला वाळीत टाकलं' असं म्हणत नाहीत. तरी एलिएझर कपडे फाडतात, जमिनीवर बसतात, रडतात, आणि त्या वर्षी ऑलिव्ह, गहू, जव यांचं तिसरा हिस्सा पीक जातं.

एलिएझरची बायको इम्मा शालोम, आणि तिचा भाऊ रब्बान गम्लिएल, म्हणजे सभेचा प्रमुख. नवऱ्याने मन मोकळं करून प्रार्थना केली तर भाऊ मरेल हे ती ओळखून असते. म्हणून ती रोज त्याला साष्टांग प्रार्थनेपासून अडवते. एक दिवस दारात भिकारी येतो, ती भाकरी द्यायला जाते (दुसऱ्या पाठात तिची तिथी चुकते), परत येते तर नवरा जमिनीवर पालथा. म्हणते, "ऊठ, माझ्या भावाला मारलंस." तेवढ्यात गम्लिएल गेल्याची खबर. तुला कसं कळलं? ती सांगते, माझ्या आजोबांच्या घरून चालत आलंय, सगळी दारं बंद होतात, दुखावलेल्याचं दार बंद होत नाही.

म्हणजे बहुमत बरोबर, निकाल कायम, आणि तरीही हे लोक दोषी. मुद्दा जिंकण्यात चूक नव्हती, जिंकल्यावर जे केलं त्यात होती. संकेतस्थळांवर वाद घालणाऱ्यांनी (मी धरून) ही गोष्ट दर सहा महिन्यांनी पुरती वाचावी.

उलटतपासणी

हे मान्य. मात्र पिकं का गेली? शेतकऱ्यांनी काय केलं होतं?

निळी_शाई

याचं उत्तर माझ्याकडे नाही, गेमाराही देत नाही.

मेथीची_जुडी

मला इम्मा शालोम दिसतेय, रोज नवऱ्यावर पाळत ठेवणारी. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ. भिकाऱ्याला भाकरी देऊन पुण्य करायला गेली आणि तेवढ्यात घात झाला.

जोंधळा

जरा हलकं करतो. @निळी_शाई, हुल्लीनमधल्या त्याच पानावर रब्बी मेईर यांचा नियम आहे: समोरचा जेवणार नाही हे ठाऊक असताना "जेवूनच जा" असा आग्रह करायचा नाही. घेणार नाही हे माहीत असताना भेटी पुढे करायच्या नाहीत. फुकटचं उपकाराचं ओझं टाकणं म्हणजे मनाची चोरी. या हिशेबाने दारातच "जेवूनच आला असाल ना?" विचारणारा पुणेकर हा जगातला सगळ्यात धार्मिक यजमान ठरतो.

सुपारी

सदाशिव पेठेला आज न्याय मिळाला.

खारा_वारा

आमच्याकडे उलटं. आग्रह करायचा, आणि समोरच्याने बसायचंच. रब्बी मेईर आमच्या अलिबागच्या आत्याकडे गेले असते तर दुसरी वाढ घेतल्याशिवाय सुटले नसते.

साडी_सेंटर

आज दुपारी दुकान निवांत होतं, वडिलांना बाराव्या कलमाचा अर्थ मराठीत सांगितला. इतरांसाठी थोडक्यात. रब्बी यहूदा म्हणतात, दुकानदाराने लहान मुलांना भाजलेलं धान्य आणि अक्रोड वाटू नयेत, कारण त्याने पोरांना आपल्याच दुकानाची सवय लागते. बाकीचे म्हणतात, वाटू दे. गेमारात दुकानदाराचं उत्तरही दिलंय: मी अक्रोड वाटतो, तू आलुबुखार वाट. मग रब्बी यहूदा म्हणतात, भाव पाडू नये. बाकीचे म्हणतात, पाडणाऱ्याचं नाव चांगल्यासाठी निघो, कारण त्याने बाजार सैल होतो. आणि एक गोष्ट सगळ्यांना मान्य: पोत्यात वरचाच थर निवडून साफ ठेवायचा नाही, ती डोळ्यांची फसवणूक.

वडील पोत्यावर लगेच हो म्हणाले. आमच्या शेजारच्या टोमॅटोवाल्याचं नाव घेऊन म्हणाले.

अक्रोडांवर ते बाकीच्यांच्या बाजूने. आम्ही स्वतः गोळ्या ठेवतो, पोरगं रडायचं थांबलं की आई नीट साडी बघते.

भाव पाडण्यावर मात्र ते पक्के रब्बी यहूदांच्या बाजूने. मी म्हटलं, अहो, गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतं, त्यात वाईट काय? ते म्हणाले, गावात पाच दुकानं होती, मोठ्या शहरातल्या माणसाने इथे येऊन दोन वर्षं तोट्यात माल विकला, तीन दुकानं बंद झाली, मग त्याने भाव चढवले. बाजार सैल झाला म्हणणाऱ्यांनी तिसऱ्या वर्षी येऊन बघायचं होतं.

कलम_पंचवीस

तुमच्या वडिलांनी स्पर्धा कायदा २००२ चं चौथं कलम, 'प्रिडेटरी प्रायसिंग' (स्पर्धक संपवायला तोट्यात विकणं), तोंडी सांगितलं. त्यातही आधी तो बाजारात वरचढ आहे हे सिद्ध करावं लागतं, तिथेच गाडी अडते.

उलटतपासणी

आणि ऑनलाइनवाले काय वेगळं करतात? यावेळी मी रब्बी यहूदांबरोबर. माझ्याकडून हे पहिलं आणि शेवटचं.

मेथीची_जुडी

मी बाकीच्यांबरोबर. महिनाअखेरीला रांजणात बघणाऱ्या बाईला तिसऱ्या वर्षाचं काय सांगता? तिला आज डाळ दहा रुपयांनी कमी मिळाली.

साडी_सेंटर

आई पण हेच म्हणाली. त्यावर वडील म्हणाले, तू गल्ल्यावर बस मग. त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिता येणार नाही, बोलण्यातल्या नाडणुकीत जाईल. गिऱ्हाईक आलंय, बाकीचं रात्री.